‘द वॉर्म्थ ऑफ द सन’ कसे ऐकावे : बीच बॉईजच्या एका मागे राहिलेल्या गाण्याची ओळख

बीच बॉईज या अमेरिकन गायकगटाचे नाव घेतले की समुद्राच्या लाटा, मोटारगाड्या आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची धमाल एवढेच बहुतेकांना आठवते. त्या धमालीतली बरीच गाणी उत्तम आहेत, यात वाद नाही. परंतु या पाच जणांनी एकत्र गाण्याची कला कुठवर नेली होती हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने सुरुवात १९६४ सालच्या ‘द वॉर्म्थ ऑफ द सन’ या संथ, हळव्या गाण्यापासून करावी, असे मला अनेक वर्षांच्या ऐकण्यानंतर ठामपणे वाटते. ते तीन मिनिटांहून थोडे कमीच आहे, आणि पाश्चात्त्य हार्मनी, म्हणजे वेगवेगळे स्वर एकाच वेळी गाऊन साधलेला मेळ, ज्यांनी कधी लक्ष देऊन ऐकलेला नाही, अशा श्रोत्यांना त्यातले काम कानाने पकडता येते. या लेखात मी ते गाणे टप्प्याटप्प्याने कसे ऐकावे, हार्मोनियमवर कसे तपासून पाहावे आणि शेवटी चार जणांनी मिळून कसे गाऊन पाहावे, हे सांगणार आहे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, येण्याची गरज नाही. सरगम ओळखीची असली की पुरे.

आधी एवढी माहिती असू द्या

लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्न या गावात ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन विल्सन भाऊ वाढले. त्यांचा आतेभाऊ माईक लव्ह आणि ब्रायनचा शाळासोबती अ‍ॅल जार्डिन यांना घेऊन १९६१ साली हा गट उभा राहिला. ब्रायन किशोरवयात ‘द फोर फ्रेशमेन’ या चौघांच्या गायकमंडळाच्या तबकड्या पुन्हापुन्हा लावून, त्यातला एकेक आवाज पियानोवर सुटा करून शोधत असे आणि मग तो घरातल्यांना शिकवत असे. त्याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, ही गोष्ट त्याच्या कामाकडे पाहताना विसरून चालत नाही, कारण त्याच्या मनातले संगीत एकाच ठिकाणाहून, एकसंध येणारे होते.

हे गाणे ब्रायन आणि माईक यांनी नोव्हेंबर १९६३ मध्ये रचले. २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली आणि या गाण्याची आठवण त्या दिवसाशी कायमची जोडली गेली. माईकच्या सांगण्यानुसार गाणे त्या दिवशीच्या पहाटे, बातमी येण्याच्या आधी तयार झाले होते, तर ब्रायनने ते बातमीनंतर लिहिल्याचे सांगितले आहे. नवख्या श्रोत्याला माझी विनंती अशी की हा तिढा सोडवण्याच्या मागे लागू नये आणि गाण्यात केनेडींना शोधूही नये, कारण शब्दांत त्यांचा उल्लेख नाही. त्यात एक मुलगी सोडून गेली आहे आणि मागे राहिलेला मुलगा आपल्याजवळ काय उरले ते सांगतो आहे. मात्र संपूर्ण देश सुन्न झाला त्याच सुमारास एका एकवीस वर्षांच्या मुलाने ही चाल बांधली, एवढे लक्षात असले की तिच्यातला गंभीरपणा कुठून आला असेल याचा अंदाज येतो.

हॉलिवूडमधल्या वेस्टर्न रेकॉर्डर्स या स्टुडिओत जानेवारी १९६४ मध्ये ध्वनिमुद्रण झाले आणि २ मार्च १९६४ रोजी ‘शट डाऊन व्हॉल्यूम २’ या अल्बममधून गाणे बाहेर आले. तोवर फेब्रुवारीत बीटल्स न्यूयॉर्कला उतरले होते आणि अमेरिकेचे सगळे लक्ष तिकडे लागले होते. शिवाय याच अल्बममध्ये ‘फन, फन, फन’ आणि ‘डोन्ट वरी बेबी’ ही गाणी होती, ती लोकांनी उचलून धरली. ‘द वॉर्म्थ ऑफ द सन’ला स्वतंत्र तबकडीची पुढची बाजू कधीच मिळाली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते ‘डान्स, डान्स, डान्स’च्या मागच्या बाजूला आले, आणि मागची बाजू म्हणजे ज्याला हौस असेल त्यानेच उलटून ऐकायची जागा. १९७४ साली ‘एन्डलेस समर’ या जुन्या गाण्यांच्या संग्रहात ते घेतले गेले, तो संग्रह अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि पुढच्या पिढीतल्या अनेकांना हे गाणे तिथे भेटले. जाणकार ते मानतात, विली नेल्सन यांच्यासारख्या मोठ्या गायकाने १९९६ साली ते गायलेही आहे, तरीही ‘सर्फिन यूएसए’ गुणगुणणाऱ्या दहा जणांना विचारले तर त्यातल्या बहुतेकांनी हे ऐकलेले नसते.

पहिली पायरी : मूळ ध्वनिमुद्रण शोधा आणि एकाच स्पीकरवर ऐका

इंटरनेटवर शोधल्यावर या गाण्याची कितीतरी रूपे समोर येतात : कार्यक्रमांतली, नंतरच्या काळात इतरांनी गायलेली, वाद्यवृंदाने वाजवलेली. सुरुवातीला ती सगळी बाजूला ठेवावीत. अल्बमचे नाव ‘शट डाऊन व्हॉल्यूम २’ किंवा ‘एन्डलेस समर’ असल्याची खात्री करून घ्यावी. मोनो रूप मिळाले तर तेच घ्यावे, म्हणजे सगळे आवाज एकाच जागेवरून येतील.

पहिल्या दोन वेळा शब्दांकडे दुर्लक्ष करावे. इंग्रजी कळत असेल तर हे अवघड जाते, पण करून पाहावे. ठेक्याकडे कान द्यावा : प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग पडतात, आणि ते इतक्या संथपणे की दादऱ्याची सवय असलेल्या माणसाला तीन-तीनचे हे झुलणे लगेच ओळखीचे वाटते. मग मुख्य आवाज ऐकावा. तो ब्रायनचा आहे. तो वर जाताना आवाज फोडत नाही, जोर लावत नाही. छातीचा आवाज सोडून पातळ, हलक्या आवाजात, ज्याला फॉल्सेटो म्हणतात, त्यात तो अशा सहजतेने शिरतो की नेमका कुठे बदल झाला ते सांगता येत नाही. आपल्याकडे पुरुषाचा असा आवाज गंभीर गाण्यात फारसा वापरला जात नाही, त्यामुळे पहिल्यांदा तो लहान मुलाचा किंवा बाईचा आहे की काय असे वाटू शकते. दोन-तीनदा ऐकल्यावर ते वाटणे जाते आणि दिसू लागते ते हे, की इतके दुःखाचे बोलणे या गायकाने कुठेही रडवेले होऊ दिलेले नाही.

दुसरी पायरी : मागचे आवाज सुटे करा

आता मुख्य आवाज सोडून द्यावा आणि मागच्या ‘ऊ’कारात धरलेल्या आवाजांकडे वळावे. एका वेळी एकच काम करावे. एकदा फक्त सर्वांत खालचा आवाज धरून ठेवण्याचा प्रयत्न करावा : या गटात खालची पट्टी माईक लव्हची. तो सापडेपर्यंत गाणे पुन्हा लावावे. नंतर मधले आवाज. ते सापडणे सर्वांत कठीण, कारण कार्ल, डेनिस आणि अ‍ॅल यांचे आवाज एकमेकांत इतके मिसळतात की तीन माणसे वेगळी काढता येत नाहीत, आणि ती काढता येऊ नयेत अशीच त्यांची योजना असते. सख्खे भाऊ एकत्र गातात तेव्हा त्यांचे स्वर उच्चारण्याचे, तोंड उघडण्याचे वळण सारखे असते, आणि त्यामुळे मेळ जास्त घट्ट बसतो.

मेळ घट्ट बसतो म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला समजावण्यासाठी तंबोऱ्याइतके चांगले साधन नाही. जुळलेल्या तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. एकाने सा, दुसऱ्याने प धरला आणि तिसऱ्याने ग नेमका त्या स्वयंभू गंधारावर ठेवला, तर तीन आवाजांचा एकच घुमणारा नाद होतो. बीच बॉईजच्या संथ गाण्यांमध्ये जी ‘ऊब’ जाणवते, तिचे मूळ या अचूक बसलेल्या गंधारात आहे, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी : हार्मोनियम पुढे ओढा

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवतो. घरात हार्मोनियम किंवा साधा कीबोर्ड असेल तर पांढरी एकला सा धरावा. गाण्याच्या कडव्याची सुरुवात सहा कॉर्डवर, म्हणजे तीन-तीन स्वरांच्या सहा जुळणीवर उभी आहे. त्या पुढील क्रमाने, तीन बोटांनी, घाई न करता वाजवाव्यात. भाता सारखा ठेवावा आणि प्रत्येक जुळणी पूर्ण घुमू द्यावी.

पहिली जुळणी सा, ग, प. इथे सगळे स्वच्छ आहे. दुसऱ्या जुळणीसाठी सा आणि ग वरची बोटे जागेवर ठेवावीत आणि प वरचे बोट तेवढे ध वर न्यावे : सा, ग, ध. किंचित सावली पडल्यासारखे वाटते, पण इथवर नवे काही नाही. त्या काळातल्या शेकडो अमेरिकन प्रेमगीतांची सुरुवात अशीच होते, आणि पुढची जुळणी कोणती येणार हेही तेव्हाच्या श्रोत्याला पाठ असे.

तिसरी जुळणी त्याची ती अपेक्षा मोडते. तिन्ही बोटे एकाच वेळी खाली उतरवावीत : सा वरचे बोट मंद्र कोमल नि वर, ग वरचे कोमल ग वर आणि ध वरचे प वर. दुसऱ्या जुळणीतला एकही स्वर इथे शिल्लक राहत नाही. हात पहिल्यांदाच काळ्या पट्ट्यांवर जातो, काळी पाच आणि काळी दोन. गंमत अशी की ही तिसरी जुळणी एकटी वाजवली तर ती दुःखी मुळीच वाटत नाही, उलट मोकळी, रुंद वाटते. दुसरीनंतर ती आली म्हणजे मात्र पायाखालची जमीन हलकेच सरकावी तसे होते.

आता चौथी. कोमल ग आणि प तसेच ठेवून मंद्र कोमल नि वरचे बोट सा वर आणावे : सा, कोमल ग, प. इथे थांबावे. पहिली जुळणी पुन्हा वाजवावी, मग ही चौथी, मग पुन्हा पहिली. सा तोच आहे, प तोच आहे, फक्त मधला ग एक पट्टी खाली आला आहे. चार पावले चालून गायक आपल्याच घरी परत आला आहे आणि घरातली एक वस्तू जागेवर नाही. सोडून गेलेल्या माणसाविषयीचे गाणे रचण्यासाठी याहून नेमकी युक्ती मला ठाऊक नाही. ब्रायनने ती सांगून न टाकता कडव्याच्या ओघात सोडून दिली आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला काहीतरी हरवल्याचे जाणवते पण काय हरवले ते हार्मोनियमवर बसेपर्यंत सापडत नाही.

पाचव्या जुळणीत तिन्ही बोटे मिळून एक-एक पूर्ण स्वर वर चढतात : सा वरून रे, कोमल ग वरून म, प वरून ध. काळ्या पट्ट्या सुटल्या. सहावीत रे तसाच राहतो, म वरचे बोट प वर आणि ध वरचे नि वर जाते, आणि नि आला की कानाला वरच्या सा ची ओढ लागते, म्हणजे पुन्हा पहिल्या जुळणीकडे जाण्याची वाट तयार होते. हा सगळा फेरा पाच-सहा वेळा वाजवल्यावर मूळ गाणे पुन्हा लावावे. ज्या ठिकाणी आधी नुसते ‘छान’ वाटत होते, त्या ठिकाणी आता तुम्ही तिसऱ्या जुळणीची वाट पाहू लागता.

एक सूचना. हे सर्व करताना तंबोरा किंवा तंबोऱ्याचे अ‍ॅप चालू ठेवू नये. आपल्या संगीतात सा स्थिर असतो आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने अर्थ घेतात, तर इथे खालचा आधारच दर जुळणीला जागा बदलतो. सतत वाजणारा सा-प त्या हालचालीला अडवतो आणि पाचव्या जुळणीपाशी तर स्पष्टपणे टोचतो.

चौथी पायरी : आता शब्द

शब्द मोजके आणि साधे आहेत. पहाट उजाडून तिचा दिवस होतो त्याचा, किंवा रात्रीच्या तोंडाशी होणाऱ्या सूर्यास्ताचा, काय उपयोग, असे विचारत गाणे सुरू होते. जिच्यावर सारे आयुष्य होते ती एक दिवस निघून गेली, आपल्या मनात आता तसे काही उरले नाही असे तिने सांगितले, तेव्हा तो रडला. तरीही आज रात्री सूर्याची ऊब त्याच्या आत आहे, आणि त्याचे प्रेम त्या उबेसारखे न विझणारे आहे, असे तो म्हणतो.

शीर्षकाचे मराठी करताना ‘सूर्याची उष्णता’ असे करू नये, आणि नुसते ‘ऊन’ही पुरेसे नाही, कारण आपल्याकडे ऊन बहुधा टाळायची गोष्ट असते. पौष महिन्यात सकाळी अंगणात पाठ करून बसल्यावर मिळते ती ‘उन्हाची ऊब’ मनात आणावी आणि मग कल्पना करावी की ऊन उतरून रात्र झाली आहे, तरी पाठीवर ती अजून आहे. ऊन देणारा आकाशात नाही आणि ऊब मात्र अंगात आहे : संपूर्ण गाणे या एका गोष्टीवर उभे आहे. चौथ्या जुळणीत ग गेला तरी सा आणि प जागेवर राहतात, हे या अर्थाशी किती जुळते ते इथे लक्षात यावे. गाण्याच्या अखेरीस शब्द मागे पडतात, ब्रायनचा उंच आवाज शब्दांवाचून वर तरंगत राहतो आणि गाणे हळूहळू विरत जाते. तो भाग संपेपर्यंत दुसरे गाणे लावू नये.

शेजारची काही गाणी

हे गाणे अंगवळणी पडल्यावर त्याच्या आधीची दोन ऐकावीत : १९६३ सालची ‘सर्फर गर्ल’ आणि ‘इन माय रूम’. तीही संथ आहेत, तिथे हाच मेळ साध्या रूपात मिळतो. पुढचे म्हणून १९६५ च्या ‘द बीच बॉईज टुडे!’ मधले ‘प्लीज लेट मी वंडर’ घ्यावे आणि त्यानंतरच १९६६ च्या ‘पेट साउंड्स’कडे जावे, जिथे ‘गॉड ओन्ली नोज’ हे कार्लने गायलेले गाणे आहे. पुष्कळ लोक थेट ‘पेट साउंड्स’पासून सुरुवात करण्याचा सल्ला देतात. तो अल्बम थोरच आहे, परंतु त्यात वाद्यांची इतकी दाटी आहे की नवख्या कानाला आवाजांची वीण निवडून काढता येत नाही. १९६४ च्या या गाण्यात ती उघडी दिसते.

शेवटची पायरी : चौघांनी गाऊन पाहा

एकट्याने ऐकून जे कळत नाही ते चार जणांनी गाऊन कळते. हार्मोनियमवरच्या तीन बोटांचे तीन आवाज करावेत : सर्वांत खालचे बोट एकाचे, मधले दुसऱ्याचे, वरचे तिसऱ्याचे. चौथ्याने, ज्याचा आवाज सर्वांत खोल असेल त्याने, आधाराचे स्वर धरावेत, ते असे : सा, मंद्र ध, मंद्र कोमल ग, सा, रे, मंद्र प. तिसरा स्वर फारच खाली जात असेल तर वरचा कोमल ग घ्यावा. पट्टी आपल्या सोयीने बदलावी. शब्द नकोत, फक्त ‘ऊ’. प्रत्येक जुळणीवर चार मात्रा थांबावे आणि सगळ्यांनी एकाच क्षणी पुढच्या स्वरावर जावे. आवाज लहान ठेवावा, शेजारच्याचा आवाज आपल्या आवाजापेक्षा जास्त ऐकू आला पाहिजे. समूहगानाची सवय असलेल्यांना हे सर्वांत जड जाते, कारण आपल्या शाळांतून समूहगान म्हणजे सगळ्यांनी एकच चाल मोठ्याने म्हणणे असते.

आमच्या घरी हा प्रयोग दिवाळीच्या सुट्टीत झाला, तेव्हा मधला आवाज माझ्या मावसबहिणीकडे होता. ती बारा वर्षे ख्याल शिकलेली, आणि आम्हा चौघांत गळा सर्वांत तयार तिचाच. पहिल्या दोन जुळण्या सुरेख बसल्या. तिसरीत मात्र दर वेळी मेळ विस्कटत होता, आणि चूक कोणाची ते कळेना. मग तिलाच उमगले. ग वरून कोमल ग वर ती मींडेने येत होती, आणि कोमल ग वर पोहोचल्यावर सवयीने त्याला दरबारी रागातल्यासारखे हलकेसे आंदोलन देत होती. एकट्या गायनात तो स्वर तिथे सुंदर लागला असता, पण इतर तिघे स्थिर उभे असताना तो हलला की जुळणी फिकी पडत होती. मी तिला ग सोडून, मध्ये काहीही न घेता, थेट कोमल ग वर पाय ठेवायला सांगितले. ‘‘अरे, हे म्हणजे जिना सोडून उडी मारण्यासारखं आहे,’’ ती म्हणाली. सात-आठ वेळा फसल्यावर एकदा तो स्वर कोरा, सरळ लागला, चौथ्या जुळणीतही तिने तो तसाच धरून ठेवला, आणि खोलीत आमच्या चौघांपैकी कोणाचाच नसलेला असा एक नाद काही क्षण घुमत राहिला. काका स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि रेडिओ कोणी लावला ते पाहू लागले.